स्तनाचा कर्करोग आणि शस्त्रक्रियेतील निर्मळ काठ

(मंडळाच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, विवाहखर्च, शेती आणि नोकरी या विषयांवर आपल्या संमेलनांत पुष्कळ बोलले जाते. मी आज निवडलेल्या विषयाचा उच्चार मात्र चारचौघांत करण्याची आपल्यात रीत नाही. हे व्याख्यान केवळ भगिनीवर्गापुढे व्हावे, अशी सूचना काही मंडळींनी स्नेहाने केली होती. ती मी मानली नाही, याबद्दल त्यांनी क्षमा करावी. स्तनात गाठ होते ती स्त्रीला. परंतु तिला कोठे न्यावयाचे, केव्हा न्यावयाचे आणि शस्त्रक्रिया कोणती करावयाची, याचा निर्णय आपल्या घरांत बहुधा पुरुषच घेतात. तेव्हा ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी तरी हा विषय समजून घेतला पाहिजे. सन २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आणि पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने तो आपल्याकडे सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर, म्हणजे ऐन संसाराच्या वयात येतो.

रोगाचे निदान झाले की घरातून पहिले वाक्य बहुधा हेच निघते : “डॉक्टर, सगळेच काढून टाका. थोडे ठेवून जिवाला धोका नको.” या वाक्यामागे माया असते, भीतीही असते. परंतु ते शास्त्राला धरून आहे काय, याचाच आज आपण विचार करू.

रोगाचा अंश मागे राहता कामा नये, हा विचार नवा नाही. अर्बुद काढताना शेष राहिले तर ते पुन्हा वाढते आणि अग्नीप्रमाणे घात करते, असा इशारा सुश्रुतसंहितेत दिलेला आहे. तत्त्व जुनेच आहे. प्रश्न असा की, शेष राहिले नाही हे ओळखावे कसे? नुसत्या डोळ्यांना आणि बोटांना ते कळत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथील प्रख्यात शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी एक कठोर मार्ग रूढ केला. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सर्व एकत्रच कापून काढावयाचे. त्या काळी रुग्ण येत ते मोठमोठ्या गाठी घेऊन. तेव्हा या शस्त्रक्रियेने पुष्कळांचे भले झाले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून एक समजूत दृढ झाली, की जितके अधिक कापावे तितका जीव अधिक सुरक्षित. पाऊणशे वर्षे जगभर ही समजूत टिकली, आणि आपल्या घरांतून ती अद्याप गेलेली नाही.

या समजुतीची खरी परीक्षा दोन ठिकाणी झाली. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी सन १९७३ ते १९८० या काळात, दोन सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटावर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा चतुर्थांश भाग काढून पुढे किरणोपचार दिले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी सन १९७६ मध्ये चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी असाच प्रयोग सुरू केला. दोन्ही प्रयोगांचे वीस वर्षांचे निष्कर्ष सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्तन राखला त्या स्त्रिया आणि ज्यांचा पूर्ण काढला त्या स्त्रिया, दोघींचे आयुर्मान सारखेच भरले. अधिक कापल्याने आयुष्याची दोरी एका दिवसानेही लांबली नाही.

मात्र यात दोन अटी होत्या, आणि त्या सांगितल्यावाचून वरील वाक्य सांगणे घातक ठरेल. पहिली अट किरणोपचारांची. फिशर यांच्या प्रयोगात केवळ गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ३९ जणींत त्याच स्तनात रोग परतला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा १४ वर आले. दुसरी अट निर्मळ काठाची. काढलेल्या गाठीच्या काठाशी रोगाच्या पेशी आढळल्या, तर त्या स्त्रीचा पूर्ण स्तन काढावा असा फिशर यांच्या प्रयोगाचा दंडकच होता. म्हणजे स्तन राखण्याचा अधिकार काठ निर्मळ असण्यावर अवलंबून होता. आजच्या व्याख्यानाचे मर्म या एका शब्दात आहे.

काठ म्हणजे काय, हे या भागातील श्रोत्यांना समजावून सांगणे कठीण नाही. आष्टी आणि कारंजा तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. झाडाच्या बुंध्यावर डिंक्या पडला तर जाणता बागाईतदार झाड उपटून टाकीत नाही. तो धारदार चाकूने रोगट साल खरवडतो, आणि सर्व बाजूंनी निरोगी साल दिसू लागेपर्यंत हात थांबवीत नाही. मग त्या जागी बोर्डो मलम लावतो. रोगट सालीचा पट्टा एका बाजूला जरी राहिला, तरी वरचे मलम पुरे पडत नाही. उलट निरोगी साल लागल्यानंतर हातभर अधिक खरवडले म्हणून झाड अधिक बरे होते असेही नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत निरोगी सालीच्या ठिकाणी निरोगी मांस समजावे आणि मलमाच्या ठिकाणी किरणोपचार समजावे.

फरक इतकाच, की बागाईतदाराला निरोगी साल डोळ्यांनी दिसते. शस्त्रवैद्याला कर्करोगाची पेशी दिसत नाही. म्हणून काठ निर्मळ साधण्याचे काम शस्त्रक्रियेच्या आधी सुरू होते आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी संपते.

आधीच्या तयारीत पहिली गोष्ट निदानाची. गाठीत जाड सुई घालून लहानसा तुकडा काढावा व त्याची तपासणी करावी, ही आज मान्य असलेली रीत आहे. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. पुढे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून गाठ केवढी आहे, एकच आहे की अनेक, हे पाहिले जाते. मॅमोग्राफीत कधी चुन्याच्या कणांसारखे ठिपके दिसतात. ते हाताला लागत नाहीत, परंतु रोग गाठीपलीकडे कोठवर गेला असेल याची खूण त्यांत असते. हाताला न लागणारी गाठ असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी चित्रात पाहून तिच्यात बारीक तार बसवितात आणि त्या तारेच्या आधाराने शस्त्रवैद्य नेमक्या जागी पोहोचतो. गाठ मोठी असेल तर आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते. कधी ती इतकी आक्रसते की हाताला लागतच नाही. म्हणून औषधे सुरू करण्यापूर्वीच गाठीत धातूची लहानशी खूण ठेवावी लागते. नाहीतर नंतर काढावयाचे काय, हेच समजत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत गाठ कधीही उघडी पाडून कोरीत नाहीत. तिच्याभोवती निरोगी मांसाचे वेष्टण राहील अशा बेताने ती अखंड काढतात. हाताच्या स्पर्शावर विसंबण्याऐवजी शस्त्रक्रियागृहातच सोनोग्राफीने पाहत पाहत कापले तर किती लाभ होतो, हे नेदरलँड्समधील १३४ स्त्रियांवरील प्रयोगाने सन २०१३ मध्ये दाखविले. केवळ स्पर्शाने कापलेल्या गाठींपैकी शेकडा १७ गाठींच्या काठाशी रोग आढळला. सोनोग्राफीच्या साहाय्याने कापलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३ इतकेच होते.

गाठ बाहेर आली की लगेच तिच्यावर दोऱ्याच्या खुणा करतात. एका बाजूला आखूड दोरा, दुसऱ्या बाजूला लांब दोरा. म्हणजे वरची बाजू कोणती व बाहेरची कोणती हे नंतर ओळखता यावे. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे, पण तिचे मोल फार. खुणा नसतील, तर पुढे काठाशी रोग सापडूनही तो स्तनाच्या कोणत्या दिशेस राहिला हे सांगता येत नाही, आणि एका बाजूचा पातळ काप घेऊन भागले असते तेथे सर्व बाजूंनी कापावे लागते. चुन्याचे ठिपके असतील तर काढलेल्या भागाचे तेथल्या तेथे क्ष-किरण चित्र घेतात व सर्व ठिपके आत आले की नाहीत हे पडताळतात. काही रुग्णालयांत काठाचा तुकडा गोठवून त्याचे काप लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पद्धत उपयुक्त आहे. तथापि स्तनात चरबी पुष्कळ असते व चरबी नीट गोठत नाही, त्यामुळे तिचा शब्द अखेरचा मानीत नाहीत.

आणखी एक साधा उपाय आहे. गाठ काढल्यावर जी पोकळी उरते तिच्या भिंतींवरून सर्व बाजूंनी आणखी एक पातळ काप घ्यावयाचा. अमेरिकेतील येल विद्यापीठात २३५ रुग्णांवर याचा प्रयोग झाला व सन २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. असा काप न घेतलेल्यांत शेकडा ३४ जणींचा काठ सदोष ठरला. काप घेतलेल्यांत शेकडा १९ जणींचा. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची वेळ शेकडा २१ वरून १० वर आली. यासाठी कोणतेही महाग यंत्र लागले नाही. लागली ती केवळ शिस्त.

आता शस्त्रक्रियागृहातून आपण विकृतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत येऊ. खरा न्यायनिवाडा तेथे होतो. काढलेला भाग तेथे बाहेरून शाईने रंगवितात. प्रत्येक बाजूस निराळा रंग. रंगारी कापडाचा रंग पक्का करतो तशी ही शाई सौम्य ॲसिटिक आम्लाने, म्हणजे शिरक्यात असते त्याच आम्लाने, पक्की करतात. मग फॉर्मॅलिनमध्ये मुरल्यावर त्या भागाचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईची रेघ म्हणजे शस्त्रवैद्याच्या सुरीची वाट. कर्करोगाच्या पेशी त्या रेघेला भिडलेल्या असतील तर सुरी रोगातून गेली, काही अंश मागे राहण्याचा संभव आहे. रेघ आणि पेशी यांच्यामध्ये निरोगी मांस असेल तर काठ निर्मळ.

किती निरोगी मांस असावे, यावर वर्षानुवर्षे वाद होता. कोणी एक मिलिमीटर म्हणे, कोणी पाच, कोणी दहा. सन २०१४ मध्ये ३३ अभ्यासांतील २८,१६२ रुग्णांची माहिती एकत्र पडताळण्यात आली. काठ सदोष असेल तर त्याच स्तनात रोग परतण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो. पण काठ निर्मळ असेल, तर निरोगी मांसाचा पट्टा अधिक रुंद केल्याने अधिक लाभ होत नाही, असे तीतून निष्पन्न झाले. त्यावरून अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या व किरणोपचारतज्ज्ञांच्या संस्थांनी नियम केला, की आजूबाजूस पसरू लागलेल्या कर्करोगात शाईवर पेशी नसाव्यात, एवढे पुरे. दुग्धनलिकांतच कोंडलेल्या प्रारंभीच्या रोगासाठी मात्र सन २०१६ मध्ये दोन मिलिमीटरांची मर्यादा ठरली. कारण तो रोग नलिकांतून तुटक तुटक पसरतो, मध्ये निरोगी भाग दिसून पलीकडे पुन्हा सापडतो.

हे सर्व परदेशचे झाले. आपल्याकडील स्त्रियांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सन १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे सन १९८० ते २००० या वीस वर्षांत स्तन राखून उपचार केलेल्या १,०२२ स्त्रियांचा वृत्तांत सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर शेकडा ९१ जणींच्या स्तनात रोग परतला नव्हता. तेव्हा ही शस्त्रक्रिया गोऱ्या लोकांची किंवा श्रीमंतांची, असे म्हणावयास आधार नाही.

तथापि ती सर्वांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगतो. स्तनाच्या अनेक भागांत विखुरलेला रोग, सर्व स्तन लाल करून सुजविणारा कर्करोग, पुन्हा कापूनही निर्मळ न होणारा काठ, किंवा किरणोपचार देता न येण्यासारखी स्थिती असेल, तर पूर्ण स्तन काढणे हेच योग्य. ज्या भगिनीला ते करावे लागले तिला कमी उपचार मिळाले किंवा तिचे काही चुकले, असे मुळीच नव्हे. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की हा निर्णय रोगाच्या स्वरूपावरून व त्या स्त्रीच्या इच्छेवरून व्हावा. अज्ञानावरून, घाईवरून किंवा बाहेर बसलेल्या दिरा-भावांच्या एकमताने होऊ नये.

आता घरच्या मंडळींनी करावयाच्या गोष्टी सांगतो. शस्त्रवैद्य कितीही कुशल असला, तरी या गोष्टी बिघडल्यास त्याचे कौशल्य वाया जाते.

पहिली : निदानापूर्वी गाठ घाईने काढून घेऊ नका. “लहानशी गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू” या भरवशावर अनेक ठिकाणी गाठ निघते. तिला खुणा नसतात, शाई लागत नाही, कधी ती तपासणीसही जात नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी रोग कळतो आणि काठ कोठे होता हे सांगणारे कोणी उरत नाही. राखता आला असता असा स्तन अशा वेळी गमवावा लागतो.

दुसरी : काढलेला भाग बरणीत घालून प्रयोगशाळेत पोहोचविण्याचे काम आपल्याकडे पुष्कळदा नातेवाइकांवर येते. एस.टी.च्या गाडीत मांडीवर बरणी घेऊन बसलेले गृहस्थ मी कित्येकदा पाहिले आहेत. त्यांच्या हाती त्या वेळी काय असते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. बरणी रुंद तोंडाची असावी. तीत फॉर्मॅलिन भरपूर, भागाच्या सुमारे दहापट असावे. पाणी किंवा मीठपाणी चालत नाही. वाटेत मुक्काम करू नये. आणि मुख्य म्हणजे, खात्रीसाठी गाठीचे दोन तुकडे करून दोन प्रयोगशाळांना पाठविण्याचा आग्रह कधीही धरू नये. तुकडे केले की काठ संपला. दुसरे मत अवश्य घ्यावे. पण ते तयार झालेल्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे पाठवून घेता येते.

तिसरी : अहवाल जपून ठेवावा, आणि त्यात काठाविषयी काय लिहिले आहे हे डॉक्टरांना विचारावे. काठ सदोष आला व दुसरी शस्त्रक्रिया सांगितली, तर पहिल्या डॉक्टरांनी फसविले असे मानून रुग्णालय सोडून जाऊ नये. उत्तमोत्तम रुग्णालयांतही काही जणींना ही वेळ येते. सदोष काठ लपवून ठेवणारापेक्षा तो सांगून पुन्हा हात धुऊन उभा राहणारा शस्त्रवैद्य अधिक भरवशाचा.

चौथी : गाठ लपवू नये. लहान गाठीला निर्मळ काठ मिळणे सोपे, मोठीला अवघड. हा साधा हिशेब आहे. मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगात, शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. सन २०२१ मध्ये निष्कर्ष आले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० नी घटले. आपल्यात मात्र गाठ सांगितली की मुलीचे लग्न अडेल, घराण्याला नाव ठेवतील, ही धास्ती. या धास्तीने आईचा जीव जातो आणि मुलीला आवश्यक ती माहिती मिळत नाही. सोयरीक जुळविताना घराण्याच्या रोगांची कुजबुज करण्याची आपली सवय या मंडळात बसलेल्या आपणच मोडली पाहिजे. ती दुसरे कोणी मोडणार नाही.

अखेरचा मुद्दा पैशाचा आणि अंतराचा. शस्त्रक्रिया व पुढील उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे कागदपत्रे घेऊन चौकशी करावी. तळेगाव हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. इकडे सेवाग्राम आहे. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. उपचार दूर देशी नाहीत. परंतु किरणोपचार एका दिवसात संपत नाहीत. पूर्वी पाच-सहा आठवडे लागत, आज बहुधा तीन आठवडे, रोज जावे लागते. शेतकऱ्याच्या घरची बाई तीन आठवडे कोठे राहणार? तिच्यासोबत कोण राहणार? मग ती स्वतःच म्हणते, “काढूनच टाका, येण्याजाण्याचा त्रास नको.” रोगाने घेतला नसता असा स्तन तिच्यापासून एस.टी.च्या तिकिटाने आणि मुक्कामाच्या अडचणीने हिरावला जातो. ही गोष्ट ऐकून मला जितके वाईट वाटते तितके रोगाचे नाव ऐकूनही वाटत नाही.

येथे वैद्यकशास्त्राचे काम संपते आणि आपले सुरू होते. आपल्या ज्ञातीची कितीतरी घरे नागपुरात व वर्ध्यात आहेत. लग्नाच्या वऱ्हाडासाठी ती घरे आठ-आठ दिवस उघडी असतात. त्यांपैकी काहींनी एक खोली, आणि कुटुंबातील एखाद्या भगिनीने सोबत, अशी तीन आठवड्यांची व्यवस्था देऊ केली, व तशा घरांची यादी मंडळाच्या चिटणीसांकडे राहिली, तर त्यासाठी वेगळा निधी उभारण्याचीही गरज पडणार नाही. या संमेलनाने निदान एवढा ठराव करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. माझे नाव त्या यादीत पहिले लिहून घ्यावे.

 घरी गेल्यावर हा विषय बोलला जावा, एवढीच अपेक्षा आहे.